सोलो त्याचा, ताल माझा

मी बोलतेय. ऐकू येतंय ना? हे विचारायची सवयच लागलीय मला. मी बेस गिटार. चार जाड तारा, खर्जातला आवाज आणि नशिबी कायम मागची जागा.

चेन्नईतल्या एका दुकानात मी कितीतरी दिवस भिंतीवर टांगून होते. लोक यायचे, माझ्या सहा तारांच्या बहिणींना छेडून बघायचे; माझ्यावर बसायची ती धूळ. २००४ साली ऋजुता आली. कोल्हापूरची पोर, अंबत्तूरला सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला. तिने मला बसमधून घरी नेलं. कंडक्टरने खोळीकडे बोट दाखवून विचारलं, "वीणैया?" वीणा कसली, डोंबलाची!

मग गाठ पडली गिरीधरशी. तंजावरी मराठी घरातला, मैलापुरात वाढलेला. सॅक्सोफोन झकास वाजवतो, पण एकदा सोलो सुरू झाला की थांबायचं नाव नाही. जॅझचे सूर त्याने उधळायचे आणि त्याच्या पायाखालची जमीन मी धरून ठेवायची. आमच्या बँडचा ड्रमवाला यश पुण्याला बदलून गेल्यापासून तर सगळा ताल आम्हा दोघींच्याच माथी. ऋजुताची बोटं सोलून निघायची. आणि हा म्हणायचा, "ऋजू, कमी कर. माझं मलाच ऐकू येत नाही."

नुंगंबाक्कमच्या कार्यक्रमात तर त्याने कहर केला. सोलो रंगात आला होता. पहिल्या रांगेत त्याची आई, भवानीअम्मा, मांडीवर ताल धरून बसली होती. हा वाजवता वाजवता मागे सरकला आणि माझ्या ॲम्प्लिफायरचं बटण त्याने पार शून्यावर नेलं!

ऋजुताने हात काढून घेतले. "वाजव आता एकटाच," ती पुटपुटली.

त्याने वाजवलं. सूर तेच, दमही तोच. पण सगळं तुटक, सैरभैर. लोक चुळबुळ करू लागले. भवानीअम्माचा हात अधांतरी थांबला. ती सगळ्यांदेखत म्हणाली, "अय्यो गिरी, ताळ कुठं गेलं रे? मी हात कुठं मारू?"

हशा पिकला. गिरीधरने तोंडातून सॅक्सोफोन काढला. "ऋजू, वाजव ना."

"बटण तू फिरवलंस. तूच फिरव."

"सरि, सरि, बरं बाई," म्हणत त्याने ते होतं तिथे आणलं. ऋजुताने माझी जाड तार छेडली आणि भवानीअम्माचा हात पुन्हा मांडीवर पडला.

आता तो बटणाला हात लावत नाही. पण कार्यक्रम संपला की लोक अजून त्यालाच गराडा घालतात, आणि फोटोवाला मला अर्धी कापतो. वैताग नुसता! माझं मागणं फार नाही. सोलोला टाळ्या खुशाल द्या. फक्त त्या वेळी तुमचा पाय कोण हलवतंय, तेवढं एकदा मान वळवून बघा.