उचललेला भंडारा

बलभीमनं दोन्ही हात छातीशी बांधले, दात आवळले आणि खुर्चीतून उठून दाखवलं. गुडघे थरथरले, पण ते धोतराच्या आत. कुणाला दिसायचं काही कारण नव्हतं. भिंतीपर्यंत चालून तो माघारी आला आणि कुस्ती मारल्यासारखा डॉक्टरीणबाईंसमोर उभा राहिला.

"शाबास बाबा," त्या म्हणाल्या. "आंघोळ, कपडे, सगळं स्वतःचं स्वतः करता?"

"करतो की. रोज मेंढरामागं चालतो. आमच्या ईट गावात इचारा कुणालाबी."

मानेतल्या गाठी म्हणजे भराभर वाढणारा कॅन्सर आहे, हे मागच्या खेपेलाच कळलं होतं. बाईंनी तेव्हा नीट समजावलं होतं. औषध सलाइनमधून, तीन आठवड्यांनी एकदा. पुरी मात्रा दिली तर रोग मुळासकट जायची आशा जास्त. पण ती सोसायला अंगात जोर हवा, नाहीतर रोगाच्या आधी औषधानंच माणूस जायचा. थकलेल्यांना कमी मात्रा देतात. तिनंही गुण येतो, पण आशा थोडी कमी.

बलभीमनं त्यातलं सोयीचं तेवढं ऐकलं. त्याला पुरं औषध हवं होतं. ऐंशीला टेकला म्हणून काय झालं, वाटणीला अर्धंच यावं?

म्हणून घरी ओट्यावर उठाबशा काढून त्यानं तयारी केली. आणि कमलबाईला, आपल्या बायकोला, देव्हाऱ्यापुढं बसवून भंडारा उचलायला लावला: दवाखान्यात तोंड उघडणार नाही म्हणून. धनगराच्या घरात बिरोबाची हळद हातात घेऊन दिलेला शब्द फिरवता येत नाही. कमलबाईनं मुकाट्यानं चिमूट उचलली होती.

"मावशी, तुम्ही काय म्हणता?" बाईंनी विचारलं.

कमलबाईनं पदर सावरला. नवऱ्याकडं पाहिलंच नाही.

"खोटं हाय, ताई. दिवाळीपासनं आंगुळ म्या घालते. गुंड्या म्या लावते. न्हाणीत ह्ये दोनदा पडले. गावातनं निगताना काठी ह्यांच्या हातात असती, पर वढ्यापाशी गेलं की ह्यांना बाभळीखाली बशिवते आन् मेंढरामागं म्या फिरते."

भर बाजारात कुणी धोतर फेडावं तसं बलभीमला झालं. त्यानं खाली मान घातली ती वर केली नाही.

"हृदयाची तपासणीही तेच सांगतेय," बाई हळूच म्हणाल्या. "आधी आठवडाभर गोळ्या घेऊ. मग कमी मात्रेनं सुरू करू, बाबा."

एसटीत तो तिच्याशेजारी बसला नाही. ड्रायव्हरच्या मागची जागा धरली. भूमला गाडी बदलताना तिनं पाण्याची बाटली पुढं केली, तेव्हा त्यानं तोंड फिरवलं. परक्यानं दगा दिला असता तर त्यानं चार शिव्या देऊन मन मोकळं केलं असतं. पण जन्मभर जिच्या हातची भाकरी खाल्ली तिनंच घात केला. गाठी दुखत नव्हत्या, हे दुखत होतं.

ईटला उतरल्या उतरल्या हॉटेलवाल्या व्यंकटनं हाक मारली.

"आबा, काय म्हणला डाक्टर?"

बाकड्यावरची माणसं वळून बघायला लागली. बलभीमला घाम फुटला. जिनं भंडाऱ्याची लाज ठेवली नाही, ती आता कुणाला भिणार?

"काय म्हणायचंय!" कमलबाई खणखणीत बोलली. "गडी कडक हाय म्हणल्या बाई. हात न टेकता खुर्चीतनं उठून दावलं ह्यांनी. जोराचं औषध लागतच न्हाय, हलक्यावरच भागंल म्हणल्या."

"जुनं हाड हाय आबांचं!" व्यंकट म्हणाला. बाकड्यावरच्यांनी माना डोलावल्या.

बलभीमची छाती आपसूक फुगली. आणि लगेच आत काहीतरी चरचरलं. इतकं बेमालूम खोटं हिला बोलता येतं, न अडखळता, डोळ्याला डोळा देऊन. मग तिथं का नाही बोलली?

गल्लीच्या वळणापुढं हॉटेल दिसेनासं झालं. रोजच्यासारखी कमलबाई थांबली आणि तिनं खांदा पुढं केला. बलभीम जागचा हलला नाही.

"भंडारा उचलला व्हतास तू."

"व्हय."

"बिरोबाला काय तोंड दावणार?"

"त्येचं काय आसंल ते माझ्या डोस्क्यावर घिईन म्या." तिनं खांदा आणखी पुढं केला. "तुमी खांदा धरा. म्होरं दगडं हायेत."

त्यानं धरला. रागानं, मुद्दाम सगळा भार टाकून.

कमलबाईचे गुडघे थरथरले. ते लुगड्याच्या आत. त्याला दिसायचं काही कारण नव्हतं. पण खांद्यावरच्या हाताला कळलं.