खणातले भिंग आणि गुणाजींचे तळहात

मित्रांनो, मी भांडुपच्या एका दवाखान्यातले जुने भिंग आहे. माझी पितळी मूठ झिजली आहे, काच मात्र स्वच्छ आहे. डॉक्टर उत्तराताईंच्या वडिलांनी पस्तीस वर्षे माझ्यातून माणसांची कातडी पाहिली. पुढे मोबाइल आले आणि मी खणात गेले.

गेल्या महिन्यात बोटीवर स्वयंपाक करणारे गुणाजी सुट्टीवर घरी आले. आधी ताप, मग अंगावर फोड. त्यांच्या पत्नीने, रतनताईंनी, फोटो पाठवला. उत्तराताईंनी फोनवरच सांगितले, "कांजिण्या दिसतायत." खणात मी नुसते चरफडत होते. फोटोत फोडाचा रंग येतो, खोली येत नाही!

चौथ्या दिवशी दोघे स्वतःच आले.

"हात ठणकतायत हो. चमचा धरवत नाय," गुणाजी म्हणाले.

"जेवताना बरा धरवतो!" रतनताई फणकारल्या.

उत्तराताईंनी तळहात पाहिले आणि खण उघडला.

कांजिण्यांत एकाच जागी काही फोड ताजे, काही सुकलेले दिसतात. इथे सगळे एकसारखे, टणक, मधोमध खळगा असलेले होते. मानेत गाठीही होत्या.

"या कांजिण्या वाटत नाहीत," उत्तराताई हळू म्हणाल्या. "एमपॉक्सची, म्हणजे मंकीपॉक्सची, शंका आहे. नमुना तपासायला पाठवू. घरात लहान कोणी आहे?"

रतनताई म्हणाल्या, "नात आहे, दिशा. चार वर्षांची. तुम्ही कांजिण्या म्हणालात ना? म्हटलं, लहानपणीच होऊन गेलेल्या बऱ्या. मुद्दाम आजोबांच्या अंथरुणात निजवली तिला. तीन दिवस."

उत्तराताईंनी मला टेबलावर ठेवले तेव्हा माझी मूठ घामाने ओली झाली होती.

शंका खरी ठरली. गुणाजी रुग्णालयात बरे होत आहेत. दिशावर एकवीस दिवस लक्ष ठेवायचे आहे. उत्तराताई रोज सकाळी मला घेऊन तिच्या घरी जातात.

"माझा हात राक्षसाएवढा झाला!" ती माझ्याखाली बोटे पसरून हसते. उत्तराताई हसत नाहीत.

मित्रांनो, अंगावर काही उठले तर फोटोवर भागवू नका, उजेडात नेऊन दाखवा. आणि कोणताही आजार मुलांना मुद्दाम होऊ देऊ नका. मी खणाबाहेर आले, पण तीन दिवस उशिरा. आज अकरावा दिवस आहे. अजून दहा सकाळी मला ते इवले तळहात कोरेच दिसायला हवेत.