नवरदेव उठला की

तू तेव्हा रांगायलाही लागली नव्हतीस. जावळ तेवढं दाट आलं होतं. तुझे वडील रेल्वेत, गोंदियाकडे बदलीवर. मी बाळंतपणाला माहेरी बल्लारशाला आले होते आणि उन्हाळा लागला तरी तिथंच होते. तू त्या दिवशी काय केलंस ते तुला कोणी धड सांगणार नाही, म्हणून मी सांगते.

माझे बाबा, म्हणजे तुझे आबाजी, वाजंत्री. दादाजी हे त्यांचं नाव; दादाजींचा बँड म्हटलं की चिमूरपर्यंतचे लोक लग्नाची तिथी पुढं-मागं करायचे. बाबांची क्लॅरनेट ऐकत मी मोठी झाले आणि दम्यानं त्यांचा श्वास तुटायला लागला तेव्हा ती माझ्याकडे आली. घरात. "वाजव, पण दार लावून," ते म्हणायचे. बँडात माझा भाऊ पत्रू ढोलावर, क्लॅरनेटवर शेजारचा बिरजू. बाई कुठं वाजंत्री असते?

त्या वर्षी वैशाखात खाणीच्या क्लबानं बँडच्या पोरांसाठी महिनाभराचा वर्ग काढला. क्लबाच्या समारंभाला मुंबईच्या हॉटेलांत वाजतो तसला जाझ हवा होता, आणि तो वाजवलेला माणूस आयता गावात आला होता. अँटन मास्तर. गोव्याचे, ट्रम्पेटवाले, बहिणीकडे पाहुणे. वर्ग सकाळीच भरायचा, क्लबामागच्या निंबाखाली, कारण दुपारी पितळ हातात धरवत नसे आणि संध्याकाळी पोरांना वराती असत. पोरं यायची ती डोळे तांबडे, सदऱ्यावर हळदीचे डाग.

मी पत्रूची शिदोरी घेऊन गेले होते, तू कडेवर. बिरजूची क्लॅरनेट नुसती किंचाळत होती. तिच्या तोंडाची वेताची पत्ती उन्हानं वाळून खडंग झालेली. मी त्याच्या हातून घेतली, पत्ती तोंडात भिजवली, बसवली आणि नीट झाली का बघायला फुंकली. बघता बघता सबंध चालच वाजवून बसले.

मास्तरांनी हॅट मागं सारली. "कल से आना. बेबी को भी लाना."

बस्स. बाई कशी, कोणाची, काही नाही.

"मले न इचारता?" बिरजू म्हणाला. पण त्याला बरंच वाटलं होतं. त्याला झांजाच आवडायच्या.

जाझ म्हणजे काय ते मास्तरांनी हातवारे करून सांगितलं. आधी सगळ्यांनी मिळून चाल वाजवायची. मग एकेकानं बारी घ्यायची, आपल्या मनचं वाजवायचं, बाकीच्यांनी खालून ठेका धरायचा. मग पुन्हा सगळे.

"हे त आपल्या दंडारीच्या खेळावानीच हाय, मास्तर," पत्रू म्हणाला. "एकजण पुढं येऊन आपलं बोलते, बाकीचे झील धरतेत."

"झील क्या?"

पोरांनी पुढच्याची ओळ मागून उचलत झील धरून दाखवली. मास्तर खूश झाले. तिथून पुढं सगळं सोपं गेलं, एक गोष्ट सोडून. पोरांना बसून वाजवता येईना.

आपली माणसं जन्मभर चालत वाजवतात. बाबांचा एकच नियम होता. नवरदेव उठला की पाय उचलायचा, आणि मग मांडव येईपर्यंत वाजवणं थांबवायचं नाही, पाऊस येवो की बैल उधळो. खुर्चीवर बसवलं की पोरांचा ताल पांगळा व्हायचा. मास्तरांनी एकदा ताशेवाल्या इसरूचा पाय सुतळीनं खुर्चीला बांधला, तर दुसऱ्या फेरीला इसरू खुर्चीसकट निघाला.

"अरे बाबा, कहाँ जा रहे हो?"

"मले काय मालूम? पायच चालून राह्यले."

माझ्या बारीला मी बिदाईची चाल घ्यायची. बाबांनी माझ्या लग्नात वाजवली होती ती, जी ऐकून आयाबायांचे पदर ओले होतात. मी तिला पळवलं, उड्या मारायला लावल्या. तू झोळीत पाय झाडायचीस.

"ये क्या है?" मास्तरांनी विचारलं.

"नवरी वापस येऊन राह्यली."

ते इतके हसले की हॅट पडली. "फिर से. और जल्दी आने दो उसको!"

समारंभाच्या आदल्या दिवशी क्लबाचे सेक्रेटरी तालीम बघायला आले. माझी बारी पुरी ऐकली. मग मास्तरांना म्हणाले, "छान आहे. पण ही बाई मंचावर कशी बसणार? त्यातून लेकुरवाळी. वाजवू दे हवं तर पडद्यामागून. पुढं तो मुलगा क्लॅरनेट धरून उभा राहील. ऐकणाऱ्याला काय कळतंय?"

"तो फिर मैं भी परदे के पीछे," मास्तर तडकले.

"तुमचं नाव छापून झालंय. आणि हट्ट केलात तर कार्यक्रमच होणार नाही. पोरांचा महिना फुकट."

पोरांनी माना खाली घातल्या. मी तुला पाजायला बसले.

घरी बाबा म्हणाले, "ऐक मने. वाजवायले भेटते न? दाराआड वाजवत होतीच, आता पडद्याआड वाजव."

"घराचं दार मी आपल्या हातानं लावत होती, बाबा. हा पडदा दुसऱ्याचा हाय."

"मग जाशीन का नाई?"

"जाईन."

जाणार होतेच. पण मनात ठरवलं होतं. सगळ्यांबरोबर वाजवीन, आणि माझी बारी आली की क्लॅरनेट खाली घेईन. बिरजूला गाल फुगवून उभं राहू दे. क्लबभराला ऐकू दे, तोंड लपवलं की आवाज कुठून येतो ते. पोरांचे पडलेले चेहरे डोळ्यापुढं यायचे, तरी मन हटेना.

समारंभ उन्हं कलताना सुरू झाला. तुला पाठीशी बांधून मी पडद्यामागं उभी राहिले. पडद्याला एक भोक होतं. समोर खुर्च्यांवर साहेबलोक, दारं-खिडक्या उघड्या, पण आपली बाजारची माणसं फाटकाबाहेर. अगदी पुढं मुख्य पाहुणे, डोक्याला फेटा, गळ्यात गुडघ्यापर्यंत मोगऱ्याचा हार, कपाळाला कुंकू.

पोरं खुर्च्यांवर बसून, दात खाऊन वाजवत होती. मास्तरांची बारी झाली. पत्रूची झाली. बिरजू सावरून उभा राहिला. मी क्लॅरनेट खाली घेतली.

आणि पाहुण्यांना उकडलं की काय कोण जाणे, ते हारासकट उठून उभे राहिले.

इसरूनं पाहिलं. फेटा, हार, उठलेला माणूस. इसरू उठला. पत्रू उठला. खुर्च्या धडाधड मागं पडल्या आणि आपला अख्खा बँड, एक ठोका न चुकवता, मंचावरून उतरून चालू लागला.

"अरे, बसा! बसा!" सेक्रेटरी ओरडले. आता कोण बसतं? पोरं पाहुण्यांच्या दोहो अंगांनी पुढं निघाली, आणि पाहुणे बिचारे, काय करावं ते न सुचून, त्यांच्यामागं चालू लागले. त्यांच्यामागं त्यांची बायको. मास्तर मंचावर पोट धरून हसत होते. मग तेही ट्रम्पेट घेऊन धावले.

ठेका दूर चालला होता, पण माझी जागा त्यांनी मोकळी ठेवली होती. नुसती झील. बिरजूनं क्लॅरनेट खाली केली होती आणि दारातून वळून तो पडद्याकडं बघत होता. पत्रूही. कुणी चाल पुढं नेईना. माझ्यासाठी फिरून फिरून तेच.

मी गप्प राहायचं ठरवलं होतं ते पडद्यापुढच्यांसाठी. या पोरांनी तर पडदाच मागं टाकला होता.

मी पडदा वर केला. सेक्रेटरी पायरीशी आडवे आले. "बाई, बाहेर यायचं नाही!"

"वरात चालली न, साहेब," मी म्हटलं. "तिच्यात मागं राहून कसं जमते?"

त्यांच्या बाजूनं उतरले. क्लॅरनेट ओठाला लावली आणि नवरीला परत आणायला सुरुवात केली, रिकाम्या खुर्च्यांमधून, दारातून, पायऱ्यांवरून. तू पाठीवर टाचा मारत होतीस, ठेक्यात म्हटलं तर कोणी मानणार नाही. पोरांनी वाट दिली. फाटक कोणी उघडलं ठाऊक नाही. बाजारची माणसं दोन बाजूंना झाली आणि मी पुढं होते, सगळ्यांच्या पुढं, पदर कधीचा खांद्यावर आलेला.

"वा वं मनकर्णे!" कोणीतरी ओरडलं. दुसरी म्हणाली, "पोरगी ऊनात करपवून राह्यली, लाज नाई."

मास्तरांनी बोट फिरवून खूण केली. आणखी एक फेरी.

बाबा गर्दीत होते. धापा टाकत जवळ आले आणि माझ्या बरोबरीनं चालू लागले. माझ्या उघड्या डोक्याकडं पाहिलं. मला वाटलं, आता म्हणतील. म्हणालेच, "पदर घे, मने."

मी फुंकता फुंकता मान हलवली. नाही. दोन्ही हात कामात होते, आणि नसते तरी नाहीच.

मावळतीचं ऊन पाठीमागून येत होतं. बाबांनी माझ्या खांद्यावरचा पदर उचलला, तुझ्या जावळावर ओढला, आणि तसाच हातानं धरून बाजार संपेपर्यंत चालत राहिले.