तीन वड्यांचा डबा आणि चोवीस रंगांचा नियम

‘चोवीसपेक्षा कमी रंगांत जलरंगातील चित्र परिपूर्ण होऊ शकत नाही, सबब, अपुऱ्या साहित्याने केलेले चित्र प्रदर्शनात मांडले जाणार नाही.’

मित्रांनो, हे वाक्य चित्रकलेच्या रविवारच्या वर्गात, दाराजवळच्या फलकावर, चार टाचण्यांनी लावलेले होते. ते टंकलिखित होते आणि त्याखाली वर्गाच्या सरांची सही होती. त्यात उणीव एकच होती: ते खरे नव्हते. ‘परिपूर्ण’ म्हणजे काय, हे त्यात सांगितलेले नाही. चोवीस हा आकडा कोणत्या अभ्यासातून निघाला, याचाही उल्लेख नाही. पुष्कळ विचारांती मला त्याचा उगम सापडला. दुकानात मिळणाऱ्या सर्वांत मोठ्या पेटीत रंगांच्या चोवीस वड्या असतात. पेटी अठरा वड्यांची असती, तर परिपूर्णता अठरावरच येऊन थांबली असती.

मी एक जुना, पत्र्याचा, रंगांचा डबा आहे. या खटल्यातला पुरावा मीच, म्हणून माझी हकिकत सविस्तर सांगणे मला भाग आहे.

पत्रा कापून, वाकवून, ठोकून मला घडवले. झाकणाच्या आतल्या बाजूला रंग कालवण्यासाठी पांढरा मुलामा दिला आणि पोटात बारा खण पाडले. नकाशांच्या कचेरीत काम करणाऱ्या एका बाईंनी मला विकत घेतले. त्यांनी बारांपैकी तीनच खणांत रंगाच्या वड्या बसवल्या: पिवळी, तांबडी आणि निळी. उरलेल्या नऊ खणांत टाचण्या, खोडरबराचे तुकडे आणि खडीसाखर असे. त्या तीन वड्यांतून बाईंनी वीस वर्षे शेते, डोंगर, दलदली आणि समुद्र रंगवले. वरिष्ठ नकाशांची वाहवा करीत. डब्याची वाहवा करण्याची पद्धत त्या कचेरीत नव्हती.

पुढे नकाशे यंत्रावर छापले जाऊ लागले आणि मी कपाटाच्या माथ्यावर गेलो. सहा वर्षे एका कोळ्याने माझ्या बिजागरीवर संसार केला. भाडेकरू शांत होता, तक्रार नाही.

मग एके दिवशी मला खाली काढले ते बाईंच्या भाचीने. वय वर्षे अकरा. कागदाचे कपटेसुद्धा साठवून ठेवण्याच्या सवयीमुळे घरात तिला खारूताई म्हणत. तिने मला उघडले आणि तिचा चेहरा पडला.

“मावशी, यात तीनच रंग आहेत!”

“मग? तुला हात किती आहेत?”

पहिल्या आठवड्यात खारूताईने जे जे रंगवले, त्याचा चिखल झाला. दोष मला मिळाला. मावशीने मात्र पाण्याच्या ग्लासाकडे बोट दाखवले. “ब्रश धुतेस त्यातच, आणि रंगात पाणी घालतेस तेही त्यातलंच. भांडी घासलेल्या पाण्याचा चहा करतं का कुणी?”

त्या दिवसापासून टेबलावर दोन ग्लास आले, एक धुण्याचा आणि एक स्वच्छ. चिखल संपला. त्यानंतर मावशीने तिला कचेरीतली रीत शिकवली. जमलेले प्रत्येक मिश्रण चित्राच्याच कागदाच्या कातरलेल्या कडेवर लावायचे आणि खाली कृती लिहायची. ‘निळा भरपूर, तांबडा त्याच्या निम्मा, पिवळा नखभर.’ काही महिन्यांत अशा एकेचाळीस पट्ट्या झाल्या. एकेचाळीस रंग, आणि सगळे एकाच घरातले! म्हणूनच तिच्या चित्रात कोणताही रंग परक्यासारखा अवघडून बसत नसे.

खारूताईच्या आईची लाँड्री होती. खारूताई त्या रविवारच्या वर्गाला जात असे; तिथल्या प्रदर्शनासाठी तिने लाँड्रीच्या गच्चीवर वाळणाऱ्या चादरी रंगवल्या. पांढऱ्या रंगाची वडी माझ्याकडे नाही. तिने कागदच कोरा राखला आणि चादरींच्या घड्यांत तेवढी राखाडी सावली सोडली. चित्र पाहण्यासाठी आईने, आजारपणातही न लावलेली ‘दुकान बंद’ची पाटी त्या दिवशी दाराला लावली.

आई वर्गात पोहोचली तेव्हा भिंतीवर मोकळा खिळा होता आणि चित्र खाली, भिंतीकडे तोंड करून उभे होते. सरांनी निकाल देऊन टाकला होता: “हा राखाडी या डब्यातून निघणं शक्य नाही. कुणाची पेटी वापरलीस?”

मित्रांनो, या युक्तिवादाची बांधणी पाहा. तीन रंगांत चांगले चित्र होत नाही, असा नियम. चित्र चांगले झालेले. म्हणजे ते तीन रंगांतले नाही. आणि तीन रंगांतले नाही म्हणून नियम बरोबर! स्वतःचीच शेपटी पकडून ‘चोर सापडला’ म्हणणारे मांजर मी पाहिले आहे, पण ते निदान सही करीत नाही.

“मी दुकान बंद करून आले, ते खिळा बघायला का?” आई म्हणाली.

खारूताईचे डोळे भरले होते, पण हात मोकळे होते. तिने पट्ट्यांची चळत टेबलावर ठेवली, मला उघडले आणि दोन ग्लास भरून आणले. निळा भरपूर, तांबडा त्याच्या निम्मा, पिवळा नखभर. माझ्या झाकणात तिने तो राखाडी कालवला, कागदावर सोडला आणि सगळे जण वाळण्याची वाट पाहत उभे राहिले.

निळ्याचे कण कागदाच्या बारीक खळग्यांत बसले आणि त्यांच्या अवतीभवती तांबूस छटा उमटली. पट्टीवर तेच, चित्रातल्या सावलीतही तेच. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग स्वतः वाकून त्यांनी चित्र उचलले आणि खिळ्याला अडकवले.

आई बराच वेळ पाहत राहिली. “अगं, ही तिसरी चादर आपल्या घरची! तिचं ठिगळसुद्धा रंगवलंस? गिऱ्हाइकं काय म्हणतील?” ती म्हणाली आणि हसता हसता तिने डोळे पुसले.

मित्रांनो, माझे मागणे थोडे आहे. काम झाले की माझे झाकण ओल्या फडक्याने पुसा, वड्या वाळल्यावरच मला मिटा आणि पाणी वेळेवर बदला. नवा रंग मागण्यापूर्वी आधीच्या तिघांना एकमेकांशी बोलू द्या.

फलकावर आता चार टाचण्याच उरल्या आहेत. प्रदर्शनाच्या अभिप्राय-वहीत मात्र सरांच्या हस्ताक्षरातली नोंद आहे. ती मी शब्दशः देतो:

‘चादरींचे चित्र तीनच रंगांत केलेले आहे, हे मी समक्ष पाहिले. नियम मी लिहिला होता. माझ्या स्वतःच्या पेटीत चोवीस वड्या आहेत. त्यांपैकी एकोणीस मी आजवर ओल्या केलेल्या नाहीत.’