चांदणीची ओळ

मी रक्ताच्या तपासणीची चिठ्ठी आहे. काळी ठिक्कर. माझ्यावर आता एक अक्षर दिसत नाही, म्हणून तर तोंड उघडावं लागतंय.

काही महिन्यांपूर्वी रोह्यातल्या एका लॅबच्या यंत्रातून मी बाहेर पडले. वीतभर लांब, गुळगुळीत, अंगात ऊब. माझ्यावर आवडीच्या रक्ताचे आकडे होते. आवडी कोलाडकडच्या आदिवासी वाडीतली, मजुरीवर जाणारी. छातीतली गाठ कर्करोगाची निघाली होती आणि मुंबईला औषधं सुरू व्हायची होती.

माझ्या खालून तिसऱ्या ओळीत रक्तातल्या दोन प्रथिनांचं गुणोत्तर होतं. अल्ब्युमिन उतरलं आणि ग्लोब्युलिन चढलं, की शरीर आतून खंगत असल्याची शंका घ्यावी. कर्करोगाच्या रोग्याचं पुढे काय होईल, त्याचा तो एक इशारा. एका आकड्यावर निकाल लागत नाही, मान्य. पण इशारा बघायला तर हवा! दोन्ही प्रथिनं वेगवेगळी पाहिली तर हद्दीच्या काठावर होती म्हणून सुटली. गुणोत्तर सुटलं नाही. आकडा हद्दीबाहेर गेला की मारतात ती चांदणी यंत्राने त्यापुढे छापली. साऱ्या चिठ्ठीवर एकच.

ती दिसली केरूला. केरू आवडीचा नवरा, शाळेचं तोंड न पाहिलेला.

"सायेब, ही चांदणी कसली हाय?"

दवाखान्यातल्या साहेबांनी माझ्यावरून नजर फिरवली. "यंत्र मारतं काहीबाही. साखर ठीक, किडनी ठीक. चला, पुढचा."

केरूने औषधवाल्याला विचारलं. एसटीत शेजारी बसलेल्या मास्तरांना विचारलं. "तू काय डॉक्टर झालास का रे?" मास्तर हसले. शिकलेली माणसं!

निदान जपून तरी ठेवू, म्हणून केरूने झेरॉक्सच्या दुकानात मला प्लास्टिक मारून घेतलं. उष्णतेने छापलेला माझा कागद; प्लास्टिक मारायच्या यंत्राच्या तापलेल्या रुळांतून गेला आणि काळा पडला.

"बघा गो," आवडी शेजारणींना म्हणाली, "मला नाय, कागदाला जपतोय. आता भाकर बी त्यालाच घाल म्हनावं!" सगळ्या हसल्या. तिची स्वतःची भाकर ताटात तशीच होती.

मुंबईच्या औषधाच्या चौथ्या फेरीनंतर तिला उभं राहवेना. पेणमध्ये डॉक्टर नम्रतांनी पुन्हा रक्त तपासलं. गुणोत्तर पार घसरलेलं.

"पहिली चिठ्ठी आहे? हे आत्ता घसरलं, की आधीपासूनच कमी होतं?"

मुंबईच्या फायलीत मला कुणी लावलंच नव्हतं. केरूने मला पुढे केलं.

"अहो, ही तर जळलीय!"

केरू ओशाळला. मग त्याने माझ्या काळ्या अंगावर बोट टेकवलं. "वाचता येत नाय, पन जागा ठावं हाय. रोज बघत व्हतो. हितं चांदणी व्हती."

नम्रतांनी नवी चिठ्ठी शेजारी ठेवली. यंत्र तसलंच, ओळी त्याच. बोट गुणोत्तरावर होतं.

"चार महिने," त्या पुटपुटल्या. "तेव्हाच तिच्या खाण्याकडे, औषधाच्या जोराकडे बघायला..."

"म्हंजी मी बरोबर इचारत व्हतो?"

"हो, दादा."

त्यानंतर अकराव्या दिवशी आवडी गेली. आधी बघितलं असतं तर वाचलीच असती, असं मी म्हणणार नाही. पण तिला एक संधी होती, आणि ती माझ्यावर छापलेली होती.

मी आता केरूच्या कुडाला खोचलेली असते. जळली मेली टाक, असं लोक त्याला सांगतात. तुम्ही सांगू नका. मी काळी पडले, हा त्याचा गुन्हा नाही. मी उजळ होते, तेव्हा वाचता येणारे मला हातात धरून बसले होते.