सोळा वर्षं वर आणि खाली

मी एक जुना लाकडी ठोकळा आहे, मित्रांनो, आणि नाक मुरडायचं असेल तर आत्ताच मुरडून घ्या. ठोकळ्याला कसलं आलंय आयुष्य, असं तुमच्या मनात आलंच असणार. मला सवय आहे. ट्रक शिकायला आलेल्या प्रत्येकाने माझ्याकडे असंच पाहिलं, आणि त्यातल्या निम्म्यांच्या गाड्या मी मागे घरंगळण्यापासून वाचवल्या.

माझा जन्म लाकडाच्या वखारीत झाला. मी एका जाड तुळईचा उरलेला तुकडा. सुताराने माझी एक बाजू तिरकी तासली, भोक पाडून त्यात दोरी ओवली आणि मला ट्रक शिकवणाऱ्या मास्तरांच्या हवाली केलं. मास्तरांचं मैदान उताराचं होतं. गाडी उभी केली की मला मागच्या चाकाखाली सरकवायचं आणि निघताना दोरी ओढून काढायचं, एवढंच काम. पण तेवढंही ह्या शहाण्यांना जमेल तर शपथ! कुणी मला चाकाच्या भलत्याच बाजूला लावायचा. कुणी लावायचाच नाही. कुणी मला न काढताच गाडी रेटायचा आणि वर म्हणायचा, "मास्तर, इंजिनात दम नाही." इंजिनात दम नाही म्हणे!

एकदा खुद्द मास्तरच हँडब्रेक ओढायला विसरले. ट्रक हलला, माझ्यावर चढू लागला. माझा एक कोपरा उडाला, पण मी जागा सोडली नाही. मागे कुंपणापाशी चार शिकाऊ गप्पा छाटत उभे होते, त्यांना पत्ताही नव्हता. मास्तरांनी मला उचललं, हाताने पुसलं आणि म्हणाले, "आज ह्याने लाज राखली." माझ्या आयुष्यातलं कौतुक ते एवढंच. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा लाथेने सरकवणं सुरू झालं.

पुढे मैदान सपाट करून त्यावर काँक्रीट ओतलं, आणि माझी ऑफिसात बदली झाली. बदली कसली, वाऱ्याने दार आपटतं म्हणून दाराशी नेऊन टाकलं. तिथे मी बायोडाटे ऐकू लागलो, आणि माणसाच्या जातीबद्दल माझ्या मनात जो काही आदर शिल्लक होता तोही गेला.

ऑफिसात मास्तरांची मेहुणी बसते. लायसन्स मिळालं की नोकरीसाठी बायोडाटा टाइप करून देणं हे तिचं काम. काम कसलं डोंबलाचं! तिच्याकडे बायोडाटा एकच आहे. नाव बदलायचं, पत्ता बदलायचा, बटण दाबायचं. मेहनती, प्रामाणिक, निर्व्यसनी, मिळूनमिसळून वागणारा, आणि ट्रक चालवण्याचा पाच वर्षांचा अनुभव. माझ्या अंगावर सिगारेट विझवून आत गेलेला माणूससुद्धा पाच मिनिटांत निर्व्यसनी होऊन बाहेर यायचा.

खरी गंमत पुढेच आहे. त्या कागदाला ती लायसन्सची झेरॉक्स जोडायची. वरच्या कागदावर पाच वर्षांचा अनुभव, खालच्या कागदावर गेल्या महिन्यात मिळालेलं लायसन्स, आणि दोन्हींना मिळून एक टाचणी. म्हणजे हे महाशय इतकी वर्षं विनापरवाना ट्रक हाकत होते, असं स्वतःच्या सहीने कबूल करून मोकळे! अर्ज जायचे, उत्तर काही यायचं नाही. मग मास्तर मान हलवत म्हणायचे, "वशिला लागतो हो, वशिला." कप्पाळ!

अशा त्या ऑफिसात एक दिवस लिफ्टवाला आला, बायकोला घेऊन. वय एकेचाळीस. एका आठ मजली इमारतीत सोळा वर्षं लिफ्ट चालवायचा, ती नोकरी गेली म्हणून ट्रक शिकला. मैदानात गाडी मागे घेताना तो इतका वेळ लावायचा की बघणाऱ्याला जांभया याव्यात. त्याच्याकडूनही मी काही आशा ठेवली नव्हती. आठ महिने तो घरी बसून होता, आणि बायको लॉन्ड्रीत इस्त्रीच्या दोन-दोन पाळ्या करत होती. तिचं मनगट सुजलं होतं. डॉक्टरांनी एक पाळी सोडायला सांगितली होती, पण सोडणार कशी? एका काचेच्या कारखान्याच्या डेपोत ड्रायव्हरची एक जागा निघाली होती, अर्जाची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. ती नोकरी लागली तरच तिची एक पाळी सुटणार होती.

मेहुणीने बटण दाबलं, कागद निघाला, टाचणी लागली. बायकोने तो घेतला आणि चक्क दोन्ही पानं वाचली. त्या ऑफिसाच्या इतिहासात हे पहिल्यांदाच घडत होतं.

"मॅडम, लायसन्स बावीस दिवसांचं, मग अनुभव पाच वर्षांचा कसा?"

"सगळ्यांचा असाच असतो, ताई."

"सगळ्यांना नोकऱ्या लागल्या?"

मेहुणीने उगाचच टेबलावरचे कागद सारखे केले. "मग काय लिहू? अनुभव शून्य?"

"लिफ्ट लिहा," लिफ्टवाला हळूच म्हणाला.

मेहुणी खो-खो हसली. "अहो, लिफ्टला स्टिअरिंग असतं का?" खोटं कशाला सांगू, मीही मनातल्या मनात हसलो. सोळा वर्षं वर आणि खाली, पुढे एक इंच नाही!

तो मात्र ओशाळला नाही. "रोज सकाळी माणसं घ्यायच्या आधी रिकामी लिफ्ट वरपर्यंत नेऊन आणायचो. आवाज वेगळा आला तर बंद ठेवायचो आणि वहीत लिहायचो. आठ माणसांची लिफ्ट होती. नववा कधी घेतला नाही."

"आणि नोकरी का गेली तेही सांगा," बायको म्हणाली.

ते सांगताना तो जमिनीकडे बघत होता. इमारतीच्या अध्यक्षांनी नवी लोखंडी तिजोरी आणली. तिजोरी आणि पाच माणसं एकाच खेपेत वर न्या म्हणाले. हा नाही म्हणाला. ते ओरडले, चारचौघांत नाही नाही ते बोलले. "मी नुसता दार उघडं धरून उभा राहिलो. दार उघडं असलं की लिफ्ट हलत नाही." दुसऱ्या दिवशी त्याला काढून टाकलं.

मास्तर खुर्चीतून उठलेच. "हे लिहिलंत तर मेलात! मालाला नाही म्हणणारा ड्रायव्हर कुणाला हवा असतो? बोळा करून फेकतील कागद."

लिफ्टवाल्याने बायकोकडे पाहिलं. तिने सुजलेला हात पदराखाली घेतला. "लिहा तुम्ही."

"आणि नाही लागली तर?"

"तर करीन दोन पाळ्या. आत्ता काय वेगळं करतेय?"

मेहुणीने तोंड वाकडं करत सगळं टाइप केलं.

चार दिवसांनी डेपोच्या मॅनेजरांचा फोन आला. लिफ्टवाला रोजच्यासारखा चौकशीला आलेला होता. मास्तरांनी ऐटीत फोन टेबलावर ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा आवाज मोठा केला.

"ह्या वर्षात तुमच्याकडून एकतीस अर्ज आले," मॅनेजर म्हणाले. "एकतीसही जण निर्व्यसनी, आणि एकतीसही जण पाच वर्षं विनापरवाना ट्रक चालवतायत. पोलिसांना कळवू का?"

मास्तरांची ऐट पार उतरली. मी इतका खूश कधीच झालो नव्हतो.

"आणि हा बत्तिसावा कोण? तिजोरीवाला?"

"मीच, साहेब," लिफ्टवाला पुढे झाला.

"आमच्या डेपोत माल जास्त झाला, तर इथेही दार धरून उभे राहणार का?"

मेहुणी मान हलवून नाही म्हण, नाही म्हण, असं खुणावत होती. मास्तर हात जोडत होते.  लिफ्टवाल्याच्या पोटाचा प्रश्न होता. अख्खं वजन अंगावर आलं की काय होतं ते मला ठाऊक आहे, म्हणून त्या क्षणी मी हसलो नाही.

"हो साहेब. उभा राहीन."

मास्तरांनी कपाळावर हात मारला. पलीकडून कागद उलटल्याचा आवाज आला.

"गेल्या महिन्यात आमच्या एका अनुभवी माणसाने जास्तीची काच भरून नेली. गाडीभर चुरा झाला. तुम्ही सोमवारी या. सहा महिने जुन्या ड्रायव्हरच्या शेजारी बसायचं, मग स्टिअरिंग. पगार पहिल्या दिवसापासून."

 लिफ्टवाल्याने मास्तरांच्याच फोनवरून लॉन्ड्रीत फोन लावला. पलीकडून वाफेचा आवाज येत होता, तिचं बोलणं कळत नव्हतं. तो एवढंच म्हणाला, "अगं, आज संध्याकाळच्या पाळीला नाही म्हणून सांग." आणि भिंतीकडे तोंड करून रडला. मला बरं वाटलं, मित्रांनो. कबूल करायला जड जातंय, पण वाटलं.

तुम्ही मोठे व्हाल, तुम्हालाही कधीतरी असा कागद लिहावा लागेल. जे काम केलं असेल ते लिहा, मग ते कितीही हलकं वाटो. केलेल्या कामाची लाज धरू नका. आणि दाराशी पडलेल्या वस्तूला लाथेने सरकवण्याऐवजी जरा वाकलात, तर कंबर मोडणार नाही.

पण तुम्ही तरी ऐकाल कशाला? दुसऱ्याच दिवशी एक गवंडी बायोडाटा करायला आला. मेहुणीने नाव विचारलं, पत्ता विचारला, बटण दाबलं. गवंडी एकेक अक्षर लावत वाचू लागला आणि गोंधळला.

"मॅडम, लिफ्टचा सोळा वर्षांचा अनुभव? तिजोरी न्यायला नकार? अहो, मी जन्मात लिफ्टमध्ये पाय ठेवलेला नाही."

"असू दे हो," मेहुणी टाचणी लावत म्हणाली. "हल्ली हेच चालतं."

आजवर तसे एकोणीस अर्ज गेले आहेत. आमच्या गावात लिफ्ट एकच आहे.