बरोबर ओळखलेली थाप

गंधार बेहेरे सकाळी सहाला खुर्चीत बसे तेव्हा न्यूयॉर्कात संध्याकाळचे साडेसात वाजलेले असत, आणि दिवसभर राबून आलेला, जेवलेला, एखादा पेला पोटात गेलेला अमेरिकन गृहस्थ आपला पगार गमावण्याच्या मनःस्थितीत नुकताच येत असे. या कामी गंधार त्याला मदत करी. रत्नागिरीच्या नाचणे भागातल्या दोन खोल्यांच्या सदनिकेत, टेलिफोन खात्याच्या ब्रॉडबँडवर, भारनियमनाच्या वेळी मित्र अयूबने बसवून दिलेल्या इन्व्हर्टरवर, तो एका पडद्यावर चार टेबले मांडून साडेदहापर्यंत पोकर खेळे आणि मग चहा करून घेई. २००७ साल होते. या व्यवसायाला रत्नागिरीत अजून शिवीसुद्धा तयार झालेली नव्हती.

खेळ साधा. प्रत्येकाला दोन पाने झाकलेली, मधोमध सर्वांची मिळून पाच पाने टप्प्याटप्प्याने उघडी. दर टप्प्यावर पैज वाढवायची, जुळवायची, नाहीतर पाने टाकून बाजूला व्हायचे. हातात काही नसताना मोठी पैज लावून दुसऱ्याला पळवून लावणे, ही त्यातली थाप. लोकांची समजूत अशी की जुगारी म्हणजे धाडसी माणूस. गंधारचे धाडस शंभरातून ऐंशी वेळा पाने टाकण्यात खर्च होई. एखाद्या महसूल कारकुनाने अर्ज परत करावेत तशा निर्विकारपणे तो दोन-दोन पाने परत करत राही, आणि उरलेल्या वीस वेळांत समोरचा काय लपवतो आहे याचे अनुमान बांधी. चेहरे दिसत नसत. दिसे तो फक्त वेळ. कोण पैज लावायला क्षणभर थांबतो, कोण थांबत नाही, हरल्यावर कोणाची पैज फुगते. प्रत्येक प्रतिस्पर्ध्यापुढे तो दोन ओळींची नोंद ठेवी: ‘फार पटकन पैज बोलला की हातात काही नसते.’ मानवी स्वभावावर यापेक्षा अधिक लिहिणारे ग्रंथ त्याने पुष्कळ वाचले होते. त्यांतून त्याला एकही रुपया मिळाला नव्हता.

संख्याशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर तो नोकरीच्या पाच मुलाखतींना गेला होता, आणि पाचही ठिकाणी निकाल आधी व मुलाखत नंतर, असा क्रम त्याने पाहिला होता. तेव्हापासून त्याचे एक मत बनले होते आणि ते तो चारचौघांत न बोलता मनात घोटत असे: या देशात प्रामाणिकपणे चालणारी एकच संस्था आहे आणि ती म्हणजे नीट पिसलेला पत्त्यांचा कॅट. पत्त्यांना पुढारी काका नसतो. बदामाची राणी कोणाच्या शिफारशीने येत नाही. तिथे हरलो तर गणिताने हरलो, एवढे तरी समाधान.

त्याची बायको नीरजा याच वेळी पावणेसातची एस.टी. पकडून देवरूखच्या अलीकडे एका महाविद्यालयात इतिहास शिकवायला जाई. कोकणातील जुन्या बंदरांच्या जकातीवर तिने पीएच.डी. केली होती. सात वर्षे ती ‘तासिका तत्त्वावर’ शिकवत होती. शिकवलेल्या तासाचे पैसे मिळावेत, सुटीचे, आजाराचे, म्हातारपणाचे मिळू नयेत, या व्यवहाराला तत्त्व म्हणण्याची कल्पना ज्या अधिकाऱ्याला सुचली त्याची प्रतिभा मानली पाहिजे.

त्या वर्षी महाविद्यालय चालवणाऱ्या शिक्षण मंडळाला इतिहासाचे एक पूर्णवेळ पद मंजूर झाले. एकतीस मार्चपर्यंत भरले नाही तर ते व्यपगत होणार होते. म्हणजे सरकार ते परत घेणार होते. जानेवारीत मुलाखती झाल्या. चार उमेदवार आले. विद्यापीठाच्या तज्ज्ञांनी नीरजाचे नाव पहिले लिहिले, हे तिला शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सर्वांनी हळू आवाजात सांगितले. फक्त नेमणुकीचे पत्र निघायचे राहिले होते. त्यावर मंडळाचे अध्यक्ष दादासाहेब यांची सही हवी होती, आणि दादासाहेबांनी फेब्रुवारीतल्या एका रविवारी दोघांना थिबा पॅलेसच्या बाजूच्या आपल्या बंगल्यावर कोकम सरबत प्यायला बोलावले.

“या मॅडम, या. आणि हे आमचे जावईबापू! काय करता हो आपण?”

“कंप्युटरवर असतो,” गंधार म्हणाला.

“छान, छान. आता सगळं जग कंप्युटरवरच आहे. आमची इमारत मात्र अजून जमिनीवरच बसून आहे.” दादासाहेब स्वतःच्या विनोदावर हसले. “दुसऱ्या मजल्याचं काम अडलंय. सरकार काही देत नाही. मग घरच्या माणसांनीच हातभार लावायचा, नाही का? मॅडम आता घरच्याच होणार.”

“किती, दादासाहेब?” नीरजाने सरळ विचारले.

दादासाहेबांना हे आवडले नसावे. या भागातील रिवाज असा की आकडा अध्यक्षांनी उच्चारायचा नाही. तो हिशेबनीस दुसऱ्या दिवशी फोनवर सांगतो, आणि अध्यक्ष आजन्म निष्कलंक राहतात. ते म्हणाले, “किती-बिती मला काय कळतंय? आमचे कुळकर्णी सांगतील. माझं एवढंच की लवकर बघा. दोन नंबरला चिपळूणचा मुलगा आहे ना, तो तयार आहे. उद्या म्हटलं तर उद्या रुजू होतो.”

“तयार म्हणजे, सगळ्यालाच?” गंधारने विचारले.

“सगळ्यालाच,” दादासाहेब म्हणाले. प्रश्न संपायच्या आत म्हणाले.

गंधारने सरबताचा पेला खाली ठेवला.

अर्ध्या तासात दादासाहेबांनी आणखी दोन गोष्टी केल्या. प्रथम ते म्हणाले की एकदम जमत नसेल तर दोन टप्प्यांत द्या. मग, निरोप देताना फाटकापाशी, ते म्हणाले की तीन टप्पेही चालतील, माणूस महत्त्वाचा.

मारुती मंदिराच्या चौकाच्या पुढे एका झाडाखाली गंधारने स्कूटर थांबवली. त्याचे डोळे चमकत होते. असे ते घरात क्वचितच चमकत.

“चिपळूणचा मुलगा नाहीच आहे.”

“आहे. मी त्याला मुलाखतीला बघितलंय. चेक्सचा शर्ट.”

“मुलगा असेल गं. पैसे घेऊन उभा असलेला मुलगा नाही. ज्याच्याकडे दुसरं गिऱ्हाईक असतं तो अर्ध्या तासात दोनदा सवलत देतो का? आणि ‘सगळ्यालाच’ किती पटकन म्हणाला, ऐकलंस? नुसती थाप आहे. आपण काही द्यायचं नाही. एकतीस मार्च त्याच्या डोक्यावर आहे. पद गेलं तर त्याचं जाईल. तीस तारखेला झक मारत सही करील.”

नीरजा स्कूटरवरून उतरून उभी राहिली. “पैसे आहेत आपल्याकडे?”

“आहेत. तो प्रश्न नाही.”

“माझा तोच प्रश्न आहे. तू महिनाभर त्या अमेरिकनांकडून घेतोस, ते मी कधी विचारलं नाही. आता त्यातलेच याला देऊन टाक. आले तसे गेले.”

“मी थापेला पैसे देत नाही, नीरजा. ते माझं कामच आहे.”

“तुझं काम. पद कोणाचं आहे?” ती म्हणाली. “मला जिंकायचं नाहीये रे. मला पर्मनंट व्हायचंय. सात वर्षं मी पावणेसातच्या गाडीला उभी आहे. प्रामाणिकपणा मलाही कळतो, पण तू हे प्रामाणिकपणासाठी करत नाहीयेस. तुला तो ओळखता आला म्हणून करतोयस.”

ते खरे होते.

“तुला खात्री आहे?” तिने विचारले.

“शंभरात नव्वद.”

“आणि दहा?”

“दहा नेहमीच असतात.”

ती पुन्हा मागे बसली. “ठीक आहे. तुझं ऐकते,” एवढेच म्हणाली. हे वाक्य एखाद्याच्या हाती देताना माणसे किती थोडे बोलतात!

हिशेबनीस कुळकर्ण्यांचा फोन दुसऱ्या दिवशी आला; गंधारने आकडा ऐकून घेतला आणि अतिशय सभ्यपणे “बघतो” म्हटले. आठ दिवसांनी आकडा एक पंचमांशाने उतरला. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात तो निम्म्यावर आला. प्रत्येक फोननंतर गंधारचा विश्वास दृढ होत गेला आणि नीरजाचे जेवण कमी होत गेले. “निम्म्यावर आलाय, आता देऊन टाकू,” ती म्हणाली. तो म्हणाला, “निम्म्यावर आलाय म्हणूनच द्यायचं नाही.” तर्काची साखळी निर्दोष होती. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात फोन बंद झाले. गंधारने तेही आपल्या बाजूचे चिन्ह मानले. तीस तारखेला त्याने एकही टेबल उघडले नाही. एकतीस तारीख शनिवारी आली, आणि इतर शनिवारांप्रमाणे संपली.

एप्रिलमध्ये पद व्यपगत झाल्याचे पत्र महाविद्यालयाच्या फलकावर लागले. दादासाहेब वार्षिक परीक्षेच्या पाहणीला आले होते. त्यांनी नीरजाला व्हरांड्यात थांबवले आणि तिची चौकशी केली. घरी आल्यावर तिने ती जशीच्या तशी सांगितली. तिची स्मरणशक्ती दप्तरे वाचून तयार झालेली होती.

“म्हणाले, ‘मॅडम, तुमच्या मिस्टरांनी बरोबर ओळखलं. चिपळूणचा मुलगा नव्हताच. त्याच्याकडे एस.टी.च्या तिकिटाला पैसे नव्हते, देणगीला कुठले? फार हुशार आहेत तुमचे मिस्टर.’” तिने पर्स खुंटीला अडकवली. “तेव्हा अभिनंदन. तू बरोबर होतास.”

“मग सही का केली नाही त्याने? त्याचंच पद गेलं! याला काही अर्थ...”

“ते तू मला सांगायचंस, गंधार. माणसं तू वाचतोस. मी नुसती जकात वाचते.”

अर्थ अयूबने सांगितला, आणि तोही बॅटरीत पाणी भरता भरता. अयूब शाळेपासूनचा मित्र. अकरा वर्षे मस्कतला वायरमन होता, परत येऊन इन्व्हर्टरचे दुकान टाकलेला. गंधार काय करतो हे नीरजाखेरीज त्यालाच ठाऊक होते आणि तो त्याला ‘कलेक्टर’ म्हणत असे.

“कलेक्टर, तू मिरकरवाड्याच्या जेटीवर लिलाव बघितलायस कधी?”

“नाही.”

“कसा बघशील? तू नुसता खाणारा.” अयूबने झाकण फिरवले. “माझा मामू तिथे सुरमईचा व्यापारी. एखाद दिवशी गिऱ्हाईक अडून बसतं, म्हणतं, दुपार होत आली, माल नासेल, मग कुठं जाशील? पडत्या भावात दे. मामू थोडा उतरतो, आणखी थोडा उतरतो, मग उठतो नि टोपली खताला पाठवतो. डोळ्यादेखत. मी एकदा म्हटलं, मामू, दोन पैसे तरी आले असते. त्याने मला काय थोबडावलंय! म्हणाला, गाढवा, आज एकाला फुकट दिलं की उद्या सगळी जेटी फुकट मागेल. मी सुरमई विकत नाही, भाव विकतो.”

अयूबने पुढचे झाकण उघडले.

“तुझ्या त्या दादासाहेबाकडे किती जागा आहेत रे, सगळ्या शाळा-कॉलेजांत?”

“चाळीस एक असतील.”

“मग? वहिनींना एक फुकट दिली असती तर बाकीच्या एकोणचाळिसांचं काय केलं असतं त्याने? तू त्याची पानं बघत बसलास. त्याच्यासमोर तू नव्हतासच, माझ्या भावा. तू नुसती टोपली होतास.”

“मी नाही,” गंधार म्हणाला. “नीरजा.”

अयूबने हत्यारे पिशवीत भरली, पैसे घेतले नाहीत, आणि गेला.

गंधारने पुढचे दोन महिने स्वतःशी हा डाव पुनःपुन्हा मांडला. हेतू खरा होता, अनुमान खरे होते, आणि निष्कर्ष खोटा. जुन्या नैयायिकांनी हेत्वाभासाचे, म्हणजे फसव्या कारणाचे, जे प्रकार सांगितले त्यांत त्याने आपला प्रकार शोधून पाहिला. सापडला असता तर त्याला बरे वाटले असते. आपल्या दुष्कृत्याला शास्त्रात नाव असणे हा विद्वानांचा जुना विसावा आहे. खरे कारण त्या मानाने ओबडधोबड होते. ज्या टेबलावर पत्ते, खुर्च्या, घड्याळ आणि इमारत समोरच्याची आहे, तिथे त्याची थाप ओळखणे हे ज्ञान नव्हे. तो निव्वळ छंद होय. आणि त्या छंदासाठी त्याने पैज लावली ती स्वतःची नव्हती. मे महिन्यात तो टेबलावर एकदाही मोठा हरला नाही. तो वर्षातला सर्वांत चांगला महिना ठरला, आणि ही गोष्ट त्याने नीरजाला सांगितली नाही.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात महाविद्यालयाचे पत्र आले. इतिहासाचे पद नव्हते, पण इतिहासाचे विद्यार्थी होते. त्यांना शिकवायला तासिका तत्त्वावर एक व्यक्ती हवी होती. दर तोच. दादासाहेबांचे काहीच गेले नव्हते. भावही राहिला होता आणि मालही.

नीरजाने पत्र दोनदा वाचले, टेबलाशी बसली आणि अर्ज लिहू लागली.

“तू परत जाणार आहेस? तिथे?” गंधारने विचारले.

तिने तारीख घातली.

“नीरजा, हे बघ, तुला माहीत आहे काय होणार. आणखी सात वर्षं तो तुला असंच वापरेल. तीन वर्षं पद पुन्हा मंजूर होत नाही; झालं तरी दर तेव्हा दुप्पट असेल. तेव्हाही मंजुरीची शक्यता जेमतेम शंभरात...”

“गंधार.”

तिने आवाज चढवला नव्हता. अर्जाच्या तळाशी सही केली, कागद दुमडला, पाकिटात घातला.

“मी तुला विचारलेलं नाही.”

मग तिने उद्याच्या गाडीसाठी सुटे पैसे वेगळे काढले आणि दिवा मालवायला सांगितले.